हात लावू नका

...नाही, पण हात लावायचाच कशाला? लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती मी, 'हात लावू नका'! पण आमच्या सरांना, तुम्हाला सांगतो, वाकडं काही बघवतच नाही. भिंतीवरची तसबीर, दुसऱ्याची कॉलर, माझं आयुष्य... दिसलं की कर सरळ!

आता मी करत काय होतो? मुळाच्या टोकाशी काही पेशी असतात, त्यांच्यात स्टार्चचे बारीक कण. कण ज्या बाजूला बसतात ती खाली, एवढं पेशीला कळतं. कसं कळतं? मला एका जनुकाचा संशय होता, म्हणून काही रोपांत त्याला गप्प केलं, म्हणजे बंदच पाडलं. मग रोपांच्या चौकोनी डब्या कुशीवर फिरवून ठेवायच्या. मूळ खाली वळलं तर जनुक निर्दोष. नाक वर करून सरळ गेलं तर सापडला चोर, आणि मला पीएचडी! ती बाबांच्या डोळ्यांदेखत हवी होती हो. बाबा हॉस्पिटलात, आणि तिथले डॉक्टर आमच्याशी बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघायला लागलेले.

म्हणून संध्याकाळी डब्या फिरवून मी बाबांकडे पळायचो. सकाळी लॅबवाल्या मावशी फोटो पाठवायच्या. आणि काय सांगू... वळलीच नाहीत! साधी रोपं खालच्या फळीवर, ती मुकाट वळली. गप्प केलेली वरच्या फळीवर, ती सरळसोट! सरांनी परिषदेत भाषण ठोकलं. बाबांनी सलाइनचा हात उंचावून नर्सला सांगितलं, "आमच्या पोराने मुळांना चकवलं!"

मग एकदा छत्री विसरलो म्हणून गेटवरून परत फिरलो. बघतो तर सर वरच्या फळीवरची एकेक डबी सरळ करतायत! खालची फळी? तिथे वाकावं लागतं, सरांचे गुडघे!

"सर, हात लावू नका म्हटलं होतं!"

"अरे, रोज आडव्या! तुम्हा पोरांना शिस्त म्हणून नाही."

पुन्हा प्रयोग केला, समोर पहारा देत बसलो. सगळी मुळं वळली. एकजात! सर म्हणाले, "आता भाषण झालंय. तू दमलायस." मी सामान उचललं, निघालो. कायमचा.

बाबांना खरं सांगितलं. वाटलं, रडतील. ते मास्कमध्ये हसायला लागले! "म्हणजे गप्प केलं, आडवं पाडलं, तरी शेवटी खालीच गेली?"

"हो."

"मग यात शोध कसला, गाढवा? सगळे तिकडेच जातात."

भांडायला तोंड उघडलं होतं मी! म्हटलं, थकलेत, उद्या निवांत भांडू... आणि उद्या उजाडायच्या आत हा माणूस निघूनही गेला. शेवटचा शब्द आमच्या घरात बाबांशिवाय कुणाला मिळालाय का कधी?