तीन हजार नंबरवर कोण आहे?

वहिनी : हात लावू नका! भाऊजी, शपथ आहे तुम्हाला, कुठल्याच बटणाला हात लावू नका.

भाऊजी : अहो, चष्मा उचलत होतो. माझाच.

वहिनी : चष्मा लावा आणि हे वाचा. मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच निघालं.

भाऊजी : बघू. तुमच्या लॅपटॉपच्या या काळ्या खिडकीत अक्षरं म्हणजे अंधारात पेरलेली मोहरी. हं... 'तीन हजार नंबरवर आधीच काहीतरी चालू आहे. दुसऱ्या नंबरवर चालवू का? हो की नाही?'

वहिनी : बघा! 'काहीतरी' म्हणतंय. कोण, ते सांगत नाही. घरात मी एकटी, लॅपटॉप पोरीने टाकून दिलेला, आणि आत कुणीतरी माझ्या आधी येऊन बसलंय.

भाऊजी : वहिनी, बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी. एका इमारतीत लिफ्ट आपली आपण सातव्या मजल्यावर जायची. सातव्यावर चिटपाखरू राहत नव्हतं. दार उघडायचं, थांबायचं, मिटायचं. लोकांनी लिफ्ट सोडून जिना धरला. चढून चढून एकाचा दमा बरा झाला, दोघांची लग्नं जिन्यातच जमली...

वहिनी : भाऊजी!

भाऊजी : शेवट तर ऐका.

वहिनी : शेवट नको मला. अकराला कॉम्प्युटरच्या वर्गाच्या बाईंचा कॉल आहे. एकेकाला पडदा दाखवायला सांगणार. ज्याने बनवलेलं वेबपान ब्राउझरमध्ये तीन हजार नंबरवर दिसणार नाही त्याचं नाव वर्गातून कमी. चाळीस जण रांगेत उभे आहेत माझ्या जागेसाठी. किती वाजले?

भाऊजी : दहा पन्नास.

वहिनी : देवा.

भाऊजी : मग दाबा की 'हो'. दुसऱ्या नंबरवर तर दुसऱ्या.

वहिनी : बाईंच्या कागदावर हा प्रश्नच नाही! आधी तो नोड नावाचा प्रोग्राम बसवा, मग लिहायचा एडिटर, मग पॅकेजं उतरवा, मग ही शेवटची ओळ टाका. की पान तीन हजारवर. जे कागदावर नाही ते दाबलं आणि सगळं उडालं तर? परवा पॅकेजं उतरवताना सतरा पिवळे इशारे आले. प्रत्येक इशाऱ्यात एकच रड : 'हे जुनं झालं, आता याच्याकडे कुणी बघत नाही.' मला वाटलं माझ्याबद्दलच लिहिलंय.

भाऊजी : पिवळ्याला काय भ्यायचं? लिफ्ट कुरकुरते तोवर ठीक असते. गप्प झाली की जपायचं.

वहिनी : ती गप्पच झाली होती काल! म्हणून तर माझी पाचावर धारण बसली.

भाऊजी : कोण गप्प झाली?

वहिनी : ही खिडकी. काल दुपारी हीच ओळ टाकली. चार अक्षरं आली आणि मग काही नाही. एरवी काम झालं की नवी ओळ देते, सांगा पुढे म्हणते. काल तेही नाही. तोंड शिवल्यासारखी बसली. अर्धा तास मी श्वास धरून बघत होते. म्हटलं, गेलं. मोडलं मी.

भाऊजी : मग?

वहिनी : मग काय! बंद करायचं धाडस होईना, बाई म्हणाल्या होत्या मधेच बंद करू नका. खाली सारली खिडकी, झाकण लावलं आणि कणीक मळत बसले. तुमच्या दादांना यातलं काही सांगू नका हं. ते आधीच म्हणतात, दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसणारीने बोर्डावरच थांबावं.

भाऊजी : दादाला काय कळतंय? बोर्ड उरलाय कुठे? परवा गुडघ्यासाठी दवाखान्यात फोन लावला. तर तुम्हीच! 'आपण रांगेत आहात, कृपया थांबा.' सख्ख्या दिराला पंचवीस मिनिटं लटकवलंत.

वहिनी : मला काढायच्या आदल्या दिवशी भरून घेतला तो आवाज. मला वाटलं, निरोपसमारंभाला लावणार.

भाऊजी : आवाज ठेवला आणि बाई काढली.

वहिनी : आता तिथे जो पडदा आहे ना, रोग्याने बोट लावून नंबर घ्यायचा, तसले पडदे करायलाच शिकवतात या वर्गात. बाई म्हणतात, जमलं तर काम आहे. म्हणून भीती वाटते हो. बोर्डावर एकोणीस वर्षं कधी हात थरथरला नाही. आग लागली त्या दिवशीसुद्धा.

भाऊजी : मग इथे बोर्डच आहे असं समजा. बोर्डावर एखाद्या नंबरवर आधीच कुणी असलं तर काय करायचात?

वहिनी : काय करायचं? लाइन एंगेज. आत जाऊन ऐकायचं, कोण बोलतंय. कुणी बोलत नसलं तर...

भाऊजी : तर काय?

वहिनी : तर कुणीतरी रिसीव्हर खाली ठेवायला विसरलंय.

भाऊजी : अहो, मग अशा थिजलात का?

वहिनी : भाऊजी, झाकण लावल्याने फोन कटत नाही.

भाऊजी : कुणाचा फोन?

वहिनी : माझा. कालची खिडकी मी बंद केलीच नाही. ती मोडली नव्हती. ती... थांबा. वर ओढते. ही बघा. तशीच गप्प. गप्प आहे कारण लाइन धरून बसलीय.

भाऊजी : म्हणजे आत बसलेलं 'काहीतरी' ते...

वहिनी : मीच. कालपासून. खात्री नाही हं अजून. ब्राउझरमध्ये तीन हजार टाकून बघावं लागेल. तुम्ही टाका.

भाऊजी : मघाशी चष्म्याला हात लावू देत नव्हतात!

वहिनी : बरं, मीच टाकते. डोळे मिटून टाकते. तुम्ही सांगा काय दिसतंय ते.

भाऊजी : थांबा, चष्मा पुसतो.

वहिनी : सांगा ना! पांढरंच आहे का?

भाऊजी : पांढरं आहे. मधोमध मोठ्या अक्षरांत एक ओळ आहे.

वहिनी : लाल?

भाऊजी : निळी. 'नमस्कार. बोला.'

वहिनी : ...काल लिहिलं होतं मी. बाई म्हणाल्या होत्या, पानावर स्वतःचं काहीतरी लिहा. मला दुसरं काही सुचेना.

भाऊजी : म्हणजे हे पान कालपासून 'बोला, बोला' म्हणत उभं आहे, आणि बघायला कुणी नाही. आता माझ्या लिफ्टचा शेवट सांगू?

वहिनी : सातव्याचं बटण तुम्हीच दुरुस्तीला जाऊन अडकवून आला होतात.

भाऊजी : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

वहिनी : किती वाजले?

भाऊजी : अकराला दोन कमी. दादाला आता फोन करू का?

वहिनी : इतक्यात नको. आधी बाईंनी बघू दे.

(लॅपटॉपवर कॉल वाजू लागतो.)

भाऊजी : आल्या! वहिनी, आल्या त्या. उचला ना, हात का थांबला? परत भ्यालात?

वहिनी : एक रिंग जाऊ द्यावी, भाऊजी. लगेच उचललं की समोरचं माणूस दचकतं.