सोळा पानं कमी असलेली प्रत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या भागातल्या वाचनालयाच्या माजी ग्रंथपाल बाई. व्यासपीठावरचे आमचे मालक. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदे टाकून जमलो त्या आमच्या अक्का आणि त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेले त्यांचे यजमान. माझे दुकानातले सहकारी. आणि एक पुस्तक घ्यायला येऊन तासभर उभ्याउभ्या तीन वाचून जाणाऱ्या आमच्या सर्व वाचक मंडळींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दुकानात सगळे सुतळी म्हणतात. सत्तावीस वर्षं मी मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे सोडतो आणि बांधतो. खिशात सुतळीचा गुंडा असतो, म्हणून हे नाव पडलं, आणि आता घरीही तेच चालतं. मी वाचणारा माणूस नाही. एखादं पुस्तक कसं आहे असं मला कुणी विचारलं, तर ‘जड आहे’ एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. अशा माणसाला मालकांनी अक्कांच्या निरोपाला का उभं केलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्यांनी केलं नाही. मीच त्यांच्या मागे लागून ही पाच मिनिटं मिळवली आहेत. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मला दिसतंय.

तुम्हा सगळ्यांना आमच्या दारालगतचं ते कपाट माहीत आहे. ‘आम्ही वाचलेली’ अशी वर पाटी असलेलं. ते सुरू केलं थोरल्या मालकांनी, म्हणजे यांच्या वडिलांनी. दुकानातल्या प्रत्येकाला त्यात एक फळी. आपल्याला आवडलेलं पुस्तक ठेवायचं आणि खाली हातानं लिहिलेली चिठ्ठी लावायची. पण नियम काय कडक! चार ओळींच्या वर लिहायचं नाही. पुस्तक चांगलं आहे असं म्हणायचं नाही. ते कोणासाठी आहे, तेवढंच लिहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शेवटचं पान वाचल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही; मोडला तर वर्षभर फळी रिकामी. आमच्या चष्मेवाल्यानं एकदा ‘अप्रतिम’ असं लिहिलं होतं. थोरल्या मालकांनी त्याला ती चिठ्ठी सात वेळा लिहायला लावली. हसतोय बघा तिकडे तिसऱ्या रांगेत. तेव्हा रडायचा बाकी होता.

या चिठ्ठ्या लिहाव्यात तर अक्कांनीच. गठ्ठ्यांच्या वरखाली जो पुठ्ठा येतो, तो मी कापून द्यायचो आणि त्या जाड निबाच्या पेनानं लिहायच्या. अजून मला तो शाईचा आणि नव्या पुस्तकांच्या खळीचा वास येतो. एक चिठ्ठी मला पाठ आहे : ‘निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन सूचना देणाऱ्यांसाठी.’ एका आठवड्यात ते पुस्तक सहा बायकांनी नेलं. सातवी आली तेव्हा साठा संपला होता, तर ती म्हणाली, ‘‘मग निदान चिठ्ठी तरी द्या, फ्रिजवर लावते.’’ दुसरी एक होती : ‘ज्यांना भांडण झाल्यावर दोन दिवसांनी योग्य उत्तर सुचतं, त्यांच्यासाठी.’ ती वाचून माणसं कपाटासमोर उभी राहून स्वतःशी हसायची. आता संगणक सांगतो, तुम्ही हे घेतलंत तर तेही घ्या. सांगू दे बापडा. त्यानं शेवटचं पान वाचलेलं असतं का?

तर, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानातल्यांनी वाचायला नवी कोरी प्रत घ्यायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती. वाटेत कव्हर फाटलेल्या, कोपरा दुमडलेल्या प्रती बाजूला काढायच्या आणि त्या आम्ही वाचायच्या. त्या काढायचं काम माझं. काढताना पानं चाळून बघायची, कारण बांधणीत कधीकधी एखादा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, राहून जातो. अशी प्रत वाचायला द्यायची नाही, प्रकाशकाकडे परत धाडायची. याआधी दोनदा माझ्या हातून अशा प्रती थेट गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. थोरल्या मालकांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, ‘‘सुतळी, तिसऱ्यांदा झालं तर दुसरीकडे काम बघ.’’

आणि तिसऱ्यांदा झालं. का झालं? कंटाळा केला, दुसरं काही कारण नाही. एका जाडजूड कादंबरीचं कव्हर फाटलेलं दिसलं, चाळलं नाही, तशीच अक्कांच्या टेबलावर ठेवून दिली.

मी वाचत नाही म्हणून अक्का मला दुपारच्या डब्याला बसल्यावर गोष्टी सांगायच्या. ही त्यांनी चार दिवस पुरवून पुरवून सांगितली. एक बहीण आणि एक भाऊ. काहीतरी बिनसतं आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद. शेवटी ती म्हातारी झालेली बहीण त्याच्या गावी जाते, घर शोधते, पायऱ्या चढते आणि दार वाजवायला हात उचलते.

‘‘आणि?’’ मी विचारलं.

‘‘आणि संपलं,’’ अक्का म्हणाल्या.

‘‘असं कसं? दार उघडतो का तो?’’

‘‘ते आपण ठरवायचं.’’

‘‘अहो, चारशे पानं लिहिली, तर अजून एक लिहून दार उघडायला काय झालं होतं?’’

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग डबा बंद करताना म्हणाल्या, ‘‘सुतळी, ती तिथपर्यंत गेली ना. मला तेवढं पुरलं.’’ आणि त्यांनी चिठ्ठी लावली : ‘ज्यांना कोणाकडे तरी जायचं आहे, पण पाऊल उचलत नाही, त्यांच्यासाठी.’

अक्का, आता मी जे सांगणार आहे ते तुम्हालाही माहीत नाही.

माझा थोरला भाऊ माझ्या घरापासून चार थांब्यांवर राहायचा. आई त्याच्याकडे होती. ती गेली तेव्हा त्यानं मला दोन तास उशिरा कळवलं. मी पोहोचलो तोवर तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. त्याचा काही इलाज नसेल, गडबडीत राहिलं असेल. पण मी डोक्यात राख घालून घेतली आणि सहा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. बायको सांगून थकली. वहिनीनं दोनदा निरोप पाठवला. मी ढिम्म.

ती चिठ्ठी लागली त्या शनिवारी मी बसमध्ये बसलो आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. हात उचलला. दादानं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चपला आत काढ. बाहेर कुत्रं उचलून नेतं.’’ बस्स. सहा वर्षांनंतर एवढंच बोलणं झालं. मग वहिनीनं चहा टाकला आणि आम्ही दोघं भाऊ कुत्र्याबद्दल बोलत बसलो.

पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त पोस्टमास्तर तणतणत दुकानात आले. अक्कांची चिठ्ठी वाचून त्यांनी ती कादंबरी नेली होती. ‘‘बाई, पाऊल उचलायला सांगता? शेवट वाचलात का?’’ अक्कांनी त्यांच्या हातातली प्रत उघडली. पुढे आणखी सोळा पानं होती. बहीण दार वाजवते, दार शेजारीण उघडते. भाऊ महिन्यापूर्वीच गेलेला असतो.

अक्कांचा चेहरा मला आठवतो. थोरले मालक आतून आले. त्यांनी विचारलं, ‘‘तुमची प्रत कोणी काढून दिली?’’ मी दारात गठ्ठा घेऊन उभा. माझी पाचावर धारण बसली. घरात दोन मुलं शिकत होती. आणि अक्का म्हणाल्या, ‘‘कोणी नाही. ढिगातून मीच उचलली. पानांचे आकडे बघायला हवे होते, माझं चुकलं.’’

त्यांनी चिठ्ठी काढली. ज्यांनी ज्यांनी पुस्तक नेलं होतं त्यांच्याकडे स्वतः जाऊन माफी मागितली. नियमाप्रमाणे वर्षभर त्यांची फळी रिकामी राहिली. वर्षभर लोक विचारायचे, ‘‘अक्का हल्ली वाचत नाहीत का?’’ आणि त्या म्हणायच्या, ‘‘वाचते, पण अर्धवट.’’ मी ते ऐकायचो आणि मूग गिळून सुतळी गुंडाळायचो. थोरले मालक गेले, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. आधी नोकरीची भीती होती, नंतर लाज वाटू लागली, आणि लाज तर भीतीपेक्षा चिवट निघाली. अक्का, परवा तुम्ही मला म्हणालात, ‘‘एकतीस वर्षांत तेवढी एक चिठ्ठी खोटी लागली रे.’’ त्या रात्रीच ठरवलं की आज उभं राहायचं.

मालक, झालंच. घड्याळ ठेवा खिशात.

अक्का, दादा गेल्या वर्षी गेला. यावेळी मला कोणी उशिरा कळवायचा प्रश्नच नव्हता, मी त्याच्या उशाशी होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. ती सोळा पानं तुम्ही वाचली असतीत, तर मला सांगितली असतीत, आणि मी बसमध्ये चढलो नसतो. मी म्हटलं असतं, जाऊन तरी काय मिळणार आहे. आम्हा भावांना दहा वर्षं मिळाली, ती तुमच्या त्या चिठ्ठीमुळे. ती खोटी नव्हती. ती माझ्यासाठी होती.

अध्यक्षबाईंनी आणि आपण सर्वांनी एका गोदामवाल्याचं इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते आपण सांभाळून घ्यालच. अक्का, तुमच्याकडे मात्र माझं मागणं वेगळं आहे. ती प्रत मी दिली होती. न चाळता. हे मी अकरा वर्षं उशिरा, सगळ्यांसमोर सांगतो आहे. जमलं तर मला माफ करा.