आले, गेले, आले

नाही, पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? इकडचं तिकडे न्यायचं आणि तिकडचं इकडे आणायचं, एवढंच तर करायचं होतं! यात चुकायला जागा तरी कुठे आहे? तुम्हाला सांगतो, मी प्रोग्रामर माणूस, दिवसभर ऑफिसात कुणाच्या तरी गोदामातल्या खोक्यांचे प्रोग्राम लिहितो, तिथे कधी कुणी हूं की चूं केलं नाही, आणि हा एक घरचा, हौसेचा प्रोग्राम लिहायला घेतला तर दोन्हीकडून बोलणी!

थांबा, आधी मामा सांगतो. माझे मामा, आईचे धाकटे भाऊ, जन्मभर दुकानात बसून लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या, आता निवृत्त, आणि मामी गेल्यापासून एकटेच. मामांना नाद ढगांचा. हसू नका! ढग बघणाऱ्यांची एक मंडळीच आहे, गावोगावी पसरलेली, आपापल्या खिडकीत बसून ढग बघायचे आणि एकमेकांना सांगायचे. कुठे सांगायचे? तर आयआरसीवर. आता हे आयआरसी म्हणजे इंटरनेटवर गप्पा मारायची फार जुनी तऱ्हा. एक खोली आहे असं समजा. फोटो नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. तुम्ही खोलीत असाल तर बोलणं दिसणार, नसाल तर गेलं ते. फक्त कोण आलं आणि कोण गेलं, एवढं आपोआप उमटतं. मामा दुपारी जेवून तिथे जाऊन बसायचे. "उत्तरेला एक आहे... कडा विरत चाललीये... गेला." झालं! मग बराच वेळ काही नाही... आणि कुठल्या तरी दुसऱ्या खिडकीतून कुणीतरी म्हणायचं, "माझ्याकडचा आहे अजून, हलत नाहीये..." अहो, वाचणाऱ्याची दुपारच तरंगायला लागायची!

पण मंडळीची नवीन वेबसाइट झाली, फोरम झाला, तिथे फोटो लावता येतात, लिहिलेलं कायम राहतं, मग काय, एकेक जण तिकडे. मामांनी कुणाला काही म्हटलं नाही. पण एकदा मी सहज मामांच्या घरी गेलो, तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एकट्या मामांच्या ओळी. "आला." "थांबलाय." "कुणी आहे का?" "गेला."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही पण जा ना फोरमवर."

तर म्हणाले, "अरे, इकडे कुणी आलंच वाट चुकून, आणि खोलीत कुणीच नसलं तर? बरं दिसतं का ते?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग रोज मामांना फोन करत जा की!" बरोबर आहे तिचं. पण प्रोग्रामर माणूस फोन करत नाही, तो फोन करणारं काहीतरी लिहायला बसतो! मी लिहिला एक बॉट, म्हणजे आपणहून काम करत राहणारा प्रोग्राम. नाव ठेवलं निरोप्या. मामा खोलीत बोलले की निरोप्याने ते फोरमवर टाकायचं, फोरमवर कुणी बोललं की खोलीत येऊन मामांना सांगायचं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे!

पहिल्या दिवशी काय झालं असेल? निरोप्याने स्वतःचाच निरोप ऐकला. मामा म्हणाले, "ढग आला." निरोप्याने तो तिकडे नेला. तिकडे वाचला, अरे वा, नवीन निरोप! इकडे आणला. इकडे वाचला, अरे वा, नवीन निरोप! परत तिकडे... ढग आला, ढग आला, ढग आला... फोरमवर एका बाईंनी काळजीने विचारलं, "तुमच्याकडे फारच भरून आलंय का हो?"

ते निस्तरलं. मग दुसरंच. मामा टाइप करतात एका बोटाने, तुकड्यातुकड्यांत, आणि निरोप्या तुकडा दिसला की उचलून फोरमवर वेगळी पोस्ट करणार. फोरम सांभाळतात एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा फोन आला: "अहो, इथे माझ्यासमोर पेशंट आ वासून बसलाय आणि माझा मोबाइल टिंग... टिंग... टिंग! बघितलं तर काय? 'पांढरा.' मग 'मऊ.' मग 'थांबा.' अहो, कशासाठी थांबू?" मी माफी मागितली, आणि निरोप्याला शिकवलं, बाबा रे, मामा बोलता बोलता थांबले की लगेच धावू नकोस, ते बघतायत. त्यांचं बघून झालं की मग नीघ. तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढा संथ प्रोग्राम मी लिहिला नव्हता. ऑफिसात तो चालू ठेवून बसायचो मी, आणि गोदामातली खोकी हळूहळू पांढरी व्हायची, मऊ व्हायची, कडेने विरायची... आणि साहेब मागे उभे!

आणि फोटो! फोरमवाल्यांनी फोटो टाकला की खोलीत नुसता लांबलचक पत्ता यायचा. मामा काही तो उघडायचे नाहीत. विचारायचे, "तुम्हीच सांगा ना, कसा आहे?" आता आली का पंचाईत? ज्यांनी आजवर नुसते फोटो काढले, ते बसले सांगायला. डॉक्टरीणबाईसुद्धा! "थोडासा... कापसासारखा, पण ओल्या कापसासारखा नाही... खालून सपाट आहे... अय्या, खालून जांभळा होतोय!" मामा म्हणाले, "दिसला."

इथे थांबायला हवं होतं ना? पण खरी गंमत पुढेच. फोरमवर एक रीत आहे: नवीन माणूस आला की प्रत्येकाने त्याचं स्वागत करायचं. खोलीची रीत तुम्हाला सांगितलीच, कोण आलं, कोण गेलं, ते उमटतं. मी शहाण्याने निरोप्याला तेही तिकडे न्यायला लावलं होतं! आणि मामांची इंटरनेटची लाइन ही असली, जरा वारा आला की तुटते, की परत लागते. मामा गेले. मामा आले. फोरमवर धडाधड: "मामा, स्वागत!" "या, या!" "आपल्यात सहर्ष स्वागत!" मामा पडले सभ्य, प्रत्येकाला वेगळं "आभारी आहे." तेवढ्यात लाइन तुटली. मामा आले. "स्वागत!" सगळी दुपार त्यातच, ढगांकडे बघतंय कोण!

डॉक्टरीणबाईंचा फोन: "हे बंद करा. नाहीतर तुमच्या निरोप्याला मी काढून टाकेन." निरोप्याला काढलं की मामा परत रिकाम्या खोलीत! मी घाबरून ते आले-गेले तेवढं बंद केलं. बाकीचं चालूच, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

आणि मामा गप्प झाले. म्हणजे खोलीत बसलेले, पण बोलेनात. मला राहवेना, गेलो. खुर्चीत बसून बाहेर बघत होते. म्हटलं, "मामा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे रे. मी दुपारी येऊन बसतो... पण आलोय हे कुणाला कळतच नाही आता. बोलल्याशिवाय माणूस आहे हे कळू नये म्हणजे..."

मामी होती तेव्हा ते दुकानातून आले की ती आतून नुसतं "आलात?" म्हणायची. मला आठवलं ते.

तेवढ्यात, तुम्हाला खरं वाटणार नाही, डॉक्टरीणबाईंचा फोन! मी म्हटलं, झालं, आता काय? तर आवाज एकदम बारीक: "अहो... ते मामा हल्ली येत नाहीत का? नाही, ते आले असं दिसलं की मी दोन पेशंटांच्या मध्ये जरा... स्वागत म्हणायचे. बरं वाटायचं. सुरू करता का परत?"

केलं सुरू! मामा आले, या या, स्वागत, आभारी आहे! सगळे खूश. तर तिसरंच संकट. मी मधल्या काळात लाइनची तक्रार करून ठेवली होती, तो लाइनमन येऊन वायर बदलून गेला. लाइन तुटेचना! मामा एकदा आले की आलेलेच. मग काय करावं माणसाने? परवा गेलो तर मामा टेबलाखाली ओणवे, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने इंटरनेटचा प्लग काढतायत.

"मामा! हे काय?"

"काही नाही रे. जरा जाऊन येतो."

खिडकीशी गेले, एक ढग सावकाश जाईपर्यंत उभे राहिले, परत येऊन वाकले, प्लग लावला... मामा आले. आणि स्क्रीनवर, "या, मामा, या!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? त्या वयात ते वाकणं बरं आहे का? जगातले यच्चयावत प्रोग्रामर लाइन तुटू नये म्हणून हाडाची काडं करतायत, आणि मी... मी मामांच्या टेबलावर, बसल्या जागी हात पोचेल असं, लाइन तोडायचं बटण बसवून आलोय!