खाजाभाईंची मैदानातली सभा

लातुरात कीर्तनाचे टाळ वाजायला अवकाश होता, म्हणून ट्यूशनच्या गल्लीत चहाला टेकलो. शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. लेकीच्या वसतिगृहाचा जिना समोरच होता.

"इकरा, पत्र्याची खोली बघून ठेवलीय. सामान आण खाली."

"अब्बा, ती क्लासपासून लई लांब हाय. मी इथंच राहणार."

"डोक्यावर एवढा स्लॅब हाय, बेटा."

"तुमच्या प्रचार कार्यालयालाबी स्लॅबच हाय की."

"म्हणून तर मी अंगणात बसतो. जीपा, भोंगे, मंडप, साहेबांच्या निवडणुकीचा सगळा प्रचार तिथूनच हलवतो."

"आन् सभा मैदानातच! साहेब म्हणतेत, पाऊस आला तरी खाजाभाई हॉल घेऊ देत न्हाईत."

"हसू नको. भूकंपात तुझी दादी दगडामातीच्या माळवदाखाली गेली. मी मदतीचे ट्रक लावत होतो, तवा साहेबांनी मला हेरलं, ह्या कामात आणलं. पण छताखाली अजून जीव घाबरतो."

"मला ठाऊक न्हाई का? फोनवर दरवेळी तेच सांगता, दाराजवळ झोप."

"मग झोपतीस?"

"पलंगच दाराशी ओढून घेतलाय. वर येऊन बघा. मग सामानाचं बोला."

"मी? वर?"

"सारा जिल्हा सभेला आणता, आन् एका जिन्याला भेता व्हय?"

"भेतो ना."

"मग मी हाय की संगं."

"चल. पर हात सोडू नको, इकरा."