दसऱ्याची तारीख

तुमचं नेट अडलं की तुम्ही केबल पाहता, आमच्या तिरोड्याच्या घरी पंचांग पाहावं लागलं. माझा बीएस्सीचा निकाल लागला होता आणि नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर एकही वेबसाइट उघडत नव्हती. मोडेम दोनदा बंद-चालू केला. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख दिसली, मागच्या वर्षीच्या दसऱ्याची.

"बाबा, तारीख कोणं बदलवली?"

"म्या. पितृपक्षात नवी वस्तू सुरू करतेत का? म्हणून त्यात दसरा टाकला."

"तारीख चुकली की वेबसाइट उघडत नाही, बाबा. त्याच्यानंच अडून राहिलं."

मी आजची तारीख टाकली. निकाल लगेच उघडला. गणितात नापास.

बाबांनी चष्मा लावून नीट वाचलं.

"पितृपक्षात उघडलास ना? मंग भोग आता."