उतरणीचे गुडघे

माननीय अध्यक्षा श्रीमती नेट्टा ड्रमंड, व्यासपीठावरचे पाहुणे आणि वन खात्याचे अधिकारी श्री. हेमी पारातेने, ग्लेनफर्न शिकारी मंडळाचे जुने-नवे सभासद, आणि मागे चीज रोलच्या टेबलाशी उभं राहून माझं भाषण लवकर संपण्याची वाट पाहणारी मंडळी, आपणा सर्वांना नमस्कार.

मी एल्स्पेथ. आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्या मर्डो गेडिसांची नात. खोऱ्याच्या टोकाला असलेल्या मंडळाच्या झोपडीची किल्ली एकेचाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. आज ते ती परत करताहेत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं असं तुम्हाला वाटेल. पण कारण वेगळं आहे. आज सकाळी बूट पुसता पुसता आजोबा म्हणाले, "मानपत्राच्या आधी त्या तंगडीचं सांग. सगळ्यांसमोर. ते ऐकूनही द्यावंसं वाटलं, तर घेईन."

आपला नियम सगळ्यांना पाठ आहे: ज्याची गोळी, त्याची पाठ. जो मारेल तो सगळं मांस स्वतः खाली आणेल, डोंगरावर काही टाकणार नाही. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हा नियम कुणी शिकवला? आजोबांनीच ना?

दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तो मोडला. एकटे होते. पाठीवर हरणाचं ओझं, पायाखाली ओली मुळं. मोठ्या खडकाखालच्या उतरणीवर उजवा गुडघा गेला. एक मागची तंगडी तिथेच ठेवून ते कसेबसे घरी आले. कुणाला सांगितलं नाही. बंदूक कपाटात गेली आणि आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत.

ती खुर्ची मला अजून दिसते. मी डनेडिनहून फिजिओथेरपीची पदवी घेऊन घरी आले, तेव्हा हिवाळा होता. नदीवरचं धुकं दुपारपर्यंत विरायचं नाही. आजोबा मांडीवर घोंगडी घेऊन झोपलेले असायचे, आणि घोंगडीखाली त्यांची पावलं हलायची. हळूहळू, एकामागून एक, जशी काही खाच शोधताहेत. झोपेत ते डोंगर चढत होते. चेहरा किती शांत असायचा! मग एकाएकी दचकून जागे व्हायचे, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून.

मी व्यायामांचे चार कागद दिले. त्यांनी त्यावर चूल पेटवली. "पोरी, खुर्चीतल्या खुर्चीत पाय उचलायला डोंगर काय स्वयंपाकघरात आहे?"

मला राग आला. पण विचार केल्यावर पटलं, चूक माझी होती. चढताना दम लागतो. गुडघ्याची परीक्षा उतरताना होते. झोपेतसुद्धा ते उतरणीवरच जागे होत होते.

म्हणून आम्ही या सभागृहाच्या पायऱ्यांवर आलो. एक पायरी उतरायची ती पाच मोजत. आधी रिकामी पिशवी, मग पाठीवर दोन किलो बटाटे, मग चार. सूज आली तर विश्रांती. नुसतं अवघडलं तर वजन कमी, पण चालणं बंद नाही. पावलं लहान. हातात दोन काठ्या. नऊ महिने.

टॅमकाका, हसू नका. तुम्हीच ओरडला होतात, "मर्डो, बटाट्यांना फिरायला नेतोस काय रे?"

"तुझ्यापेक्षा बरी सोबत आहे," आजोबा म्हणाले. "बडबड तरी करत नाहीत."

या एप्रिलमध्ये आम्ही दोघं झोपडीवर गेलो. पहाटे रान इतकं पांढरं होतं, की झाडं आहेत की झाडांची आठवण, कळत नव्हतं. कुठूनतरी हरणांचे नर साद घालत होते. धुक्यातून पहिलीच शिंगं फुटलेला एक कोवळा नर बाहेर आला आणि उभा राहिला. आजोबांनी आधी उतरणीकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे. मग गोळी झाडली.

सगळं ओझं त्यांच्याच पाठीवर होतं. मी दोनदा म्हटलं, "निम्मं द्या." दोनदा ऐकलं, "गप चल." त्या खडकापाशी ते थांबले. एक केआ पोपट येऊन काठीचा पट्टा ओढू लागला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला म्हणाले, "गुडघ्याला दोष नको देऊस. तो त्या दिवसाच्या आधी दोन वर्षं सांगत होता. मीच ऐकलं नाही." मग काठ्या टेकून, पाच मोजत, ते ती उतरण उतरले. घराच्या दारापर्यंत ओझं खाली ठेवलं नाही.

मग किल्ली आज का देताहेत? मीही विचारलं. म्हणाले, "जमतंय तोवर देतो. न जमल्यावर दिली, तर ती दिली कसली? काढून घेतली म्हणायची."

त्या हरणाची मागची तंगडी आज आपल्या जेवणात आहे.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि आजोबांचं जे डोंगरावर राहिलं, त्यासाठी त्यांच्या वतीनं मी या सभागृहाची क्षमा मागते.

अध्यक्षाबाई... तुम्ही मानपत्र हातात घेऊन उभ्याच राहिलात. म्हणजे मला उत्तर मिळालं.

आजोबा, या वर. चारच पायऱ्या आहेत. उतरायची काळजी आता आपल्याला नाही.