चिरलेली तबकडी मोडीत जायची न्हाई

सगळ्यात आधी आलं ते हातकणंगल्याचं पावणं. व्हय वसंतराव, तुमचंच सांगते. बाळूतात्या गेला त्या दिशी सकाळच्या रेल्वेनं आलासा, पायताण काढलंसा, आन सख्ख्या चुलत्याचं मढं समोर असताना आधी कोपऱ्यातल्या गाण्याच्या फोनोचं झाकण उघडून बघितलंसा. माझ्या डोळ्यांदेखत. तात्या पाच महिने खोकत हुता, तवा कुठली रेल्वे चुकलीती तुमची?

बसा मंडळी. आयाबायांनो, फुडं सरका जरा. तालमीच्या पटांगणात बाईमाणसानं उभं राहून बोलायचं, ही आपल्या पेठेत पैलीच येळ असंल. दुसरीतनं शाळा सुटली माझी. भाषण मला येत न्हाई. पण उभी ऱ्हायलेय. निम्मी दुःखानं, निम्मी रागानं.

नवख्यांसाठी सांगते. बाळूतात्याचं चहाचं हाटेल माझ्या दारासमोर. मधी गल्ली, चार पावलांची. वीस वर्सं त्यानं फोनो वाजवला, आन वीस वर्सं मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत ऐकला. मी तशी हसरी बाई. माझ्या घरात जेवायला भाजी कमी पडंल, हसणं न्हाई. पण आज न्हाई हसणार.

कुणाचं गाणं कंचं, तात्याला सगळं ठावं असायचं. माणूस दारात आला की मोरीत हात धुऊन त्याची तबकडी लावायचा. बाबूराव, तुम्ही तालमीचं अध्यक्ष, मान हलवताय. तुमचं गाणंबी मला ठावं हाय. त्या सांगलीच्या पैलवानानं तुम्हाला चितपट केलं, त्या दिशी कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून तुम्ही एकच तबकडी चारदा लावाय लावलीसा. अजून ती लागली की तुम्ही खाली मान घालून बशीतला चहा फुंकत बसता. गार झालेला असला तरी.

का वो असं हुतंय? गाणं काय एवढं मोठं असतंय? न्हाई. आपण तवा कुठं बसलो हुतो, शेजारी कोण हुतं, हातात काय हुतं, त्येच गाण्याला चिकटतंय. करपलेलं दूध पातेल्याला चिकटतंय तसं. घासलं तरी निघत न्हाई.

आन मगाशी ह्याच जाग्यावरनं अध्यक्षांनी काय सांगितलं? तात्याच्या आठवणीला तालीम लौडस्पीकर आणणार. तात्या लावायचा त्या पंचमीच्या झोक्याच्या गाण्याची नवी कोरी तबकडी आणणार. जुनी चिरलीय, ती मोडीत घालणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी कुणी डोलावल्या, त्ये मी बघून ठेवलंय.

ती चीर कुणी पाडली, ठावं हाय? माझ्या इंदूनं. नऊ वर्सांची हुती. पंचमीचा दिस. "तात्या, आज मी चावी देणार," म्हणून बाकड्यावर चढली. हात निसटला, सुईसकट मुंडकं तबकडीवर आपटलं. केसाएवढी चीर पडली. आन मी काय केलं? गल्ली ओलांडून गेले आन चारचौघांत पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

तात्या माझ्यावर खवळला. म्हणाला, "आक्का, तबकडी माझी हाय. मारायचं असंल तर मला मार."

तवापास्नं त्या गाण्यात "ये गं" म्हणताना सुई मागं उडायची. गाण्यात "ये गं" एकदाच हाय. आमच्या गल्लीत तीनदा. "ये गं, ये गं, ये गं," आन तात्या फोनोच्या पेटीवर बोटानं टकटक करायचा, की सुई फुडं. आमच्या पोरांना वाटायचं गाणं तसंच हाय. लगनातल्या बँडवाल्यालाबी गल्लीनं तीनदा वाजवाय लावलं. वऱ्हाडी हसली. हसू दे की. इंदू सगळ्यात मोठ्यांदा म्हणायची.

कळंब्याला दिली तिला. दुसऱ्या वर्सी बाळंतपणात गेली. पोरगंबी गेलं.

तात्या माझ्याकडं आला. चप्पल बाहेर, टोपी हातात. "आक्का, ती तबकडी वाजवू का ठेवू?" मी म्हणाले, "ठेव." वर्सभर त्यानं ती वाजवली न्हाई. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी न्हाई. मग एक दिस मीच सांगावा धाडला, "लाव म्हणावं." त्यानं लावली. "ये गं" आलं. तीनदा झालं, चारदा झालं, पाचदा झालं. तात्या पेटीला बोट लावंना. माझ्याकडं बघत उभा ऱ्हायला. मी पदर तोंडाला लावून हात केला, तवा कुठं त्यानं टकटक केलं.

त्याला नवी तबकडी मिळत नव्हती व्हय? दुकानदार दारात आणून देत हुता. तात्यानं घेतली न्हाई. आन तुम्ही त्याच्याच नावानं आणणार? नव्या तबकडीत "ये गं" एकदाच म्हणंल ती बाई आन फुडं निघून जाईल. माझ्या दारासमोरनं. लौडस्पीकरवर. त्यापरीस माझ्या कानात शिसं ओता.

वसंतराव, फोनो तुमचा, कर्णा तुमचा. वारस हायसा, न्या. पण आज सकाळी तुम्ही भंगाराच्या पोत्यात घातलेली ती तबकडी आता पोत्यात न्हाई. मी काढली. चोरी म्हणा, काय म्हणायचं त्ये म्हणा. इंदूच्या लुगड्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलीया, आन किल्ली माझ्या गळ्यात हाय. कशावर वाजवणार म्हणता? न वाजू दे. पण पोरीला मी एकदा धपाटा घातलाय. आता तिला मोडीत घालू देणार न्हाई.

उठा सगळी. दोन मिनिटं गप उभं ऱ्हावा. बाबूराव, तुम्हीबी. कुणी खाकरू नगासा.

बाळू, धाकटा असून फुडं गेलास. आक्काचा रामराम घे.

आन बसताना एक ध्यानात ठेवा मंडळी, माझ्या ट्रंकेवर नजर असू द्या. ऱ्हायलेलं सामान न्यायला पावणं परत येतो म्हणालेत. तेराव्याला. येत्या शुक्रवारी.